फोटोतल्या बाकीच्या मुली

ताई, नमस्कार.

आम्ही २२ वर्षांपूर्वी पुण्याहून इंग्लंडला आलो, आता लंडनच्या हॅरो भागात घर आहे. एकुलती एक लेक, वय १८. तिला नटी व्हायचंय. या वर्षी तिने तीन ड्रामा स्कूलना अर्ज केले. तिन्हीकडून नकार आला, एकीकडून तर पहिल्याच फेरीत. हातात युनिव्हर्सिटीची जागा आहे, इंग्रजी साहित्याची, पण ती जाणार नाही म्हणते. तिच्या खोलीत ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ सिनेमातल्या पाच बहिणींचा फोटो आहे. त्यातल्या कॅरी मलिगनभोवती तिने मार्करने गोल केलाय. “तिलाही तिघांनी नाकारलं होतं आई. तिने पत्रं लिहिली आणि २४व्या वर्षी ऑस्करचं नामांकन मिळवलं,” हे मी रोज ऐकते. आता हीसुद्धा पत्रं लिहितेय. मोठमोठ्या दिग्दर्शकांना अकरा पत्रं गेली, उत्तर एकाचंही नाही. हिचे बाबा म्हणतात, नाटक हा शनिवार-रविवारचा छंद. मी स्वतः कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकात उतरले होते. आमची एकांकिका प्राथमिक फेरीतच गळली, पण ते दोन महिने अजून अंगात आहेत. म्हणून मला तिला नाही म्हणवत नाही, आणि हो म्हणायची छाती होत नाही. मी काय करू?

– एक आई, हॅरो

हॅरोच्या आई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग तो फोटो शोधून समोर ठेवला. पाच बेनेट बहिणी. लेकीने गोल केलेली किटी, म्हणजे सिनेमाभर लिडियाच्या मागे खिदळत पळणारी. संवाद बेताचेच. धाकटीने रडायला काढलं की हीही रडते, धाकटी हसली की हीही हसते. २००५ साली तो सिनेमा पाहताना मला विचारलं असतं, की या पाचातली कोण पुढे जाईल, तर किटीवर मी बोट ठेवलं नसतं.

लेक तुम्हाला रोज सांगते ते खोटं नाही. नकार तीन होते, पत्रं होती, नामांकनही होतं. पण तिने गोष्टीचं पहिलं पान वाचलं आणि शेवटचं. मधली पाच वर्षं तिने गाळली. तुमचा प्रश्न त्या पाच वर्षांतच आहे, म्हणून आधी तेवढी सांगते. लांबेल जरा, चहा घेऊन बसा.

कॅरीचा जन्म लंडनचा, २८ मे १९८५. वडील हॉटेलांचे व्यवस्थापक, त्यांच्या नोकरीपायी लहानपणाची काही वर्षं जर्मनीत गेली. सहा वर्षांची असताना मोठ्या भावाच्या शाळेत ‘द किंग अँड आय’ बसत होतं. तालीम बघायला गेलेली ही पोर शिक्षकांच्या मागे लागून कोरसमध्ये शिरली. पुढे सरे परगण्यातल्या वोल्डिंगम या मुलींच्या निवासी शाळेत गेली, तिथे नाटक विभागाची विद्यार्थी-प्रमुख झाली. आणि घरच्यांचं म्हणणं? आधी युनिव्हर्सिटी, मग बाकीचं. तुमच्या यजमानांना हे जरूर सांगा. तो सूर काही मराठी बापांच्या एकट्याच्या मालकीचा नाही.

आता त्या पत्रांबद्दल. एक तिने नट-दिग्दर्शक केनेथ ब्राना यांना लिहिलं. उत्तर त्यांच्या बहिणीने पाठवलं, आशय असा की नटी व्हायची इतकी आच असेल तर हो नटी. छान उत्तर आहे, माणसाने जपून ठेवावं असं. पण त्या उत्तरासोबत काम आलं नाही, आणि तिन्ही ड्रामा स्कूलचे नकारही टळले नाहीत.

काम मिळवून दिलं ते दुसऱ्या पत्राने. ‘गॉसफर्ड पार्क’च्या पटकथेसाठी २००२ मध्ये ऑस्कर मिळवलेले जुलियन फेलोज तिच्या शाळेत बोलायला आले होते. तिने त्यांना गाठून विचारलं, नटी व्हायला काय करू? नाद सोड आणि कुणा पैसेवाल्याशी लग्न कर, अशा छापाचं काहीतरी ते म्हणाले, हे तिने पुढे मुलाखतींत सांगितलंय. (आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत भेटणारे लांबचे काका याहून वेगळं काय बोलतात?) नकार आल्यावर तिने याच फेलोजना पत्र टाकलं. ते आणि त्यांच्या पत्नी एमा या क्षेत्रात येऊ बघणाऱ्या काही तरुण मुलामुलींना जेवायला बोलावणार होते, त्यात हिलाही बोलावलं. त्या जेवणातून ओळख कास्टिंगच्या माणसांपर्यंत गेली, मग ऑडिशन, मग पुन्हा ऑडिशन, आणि शेवटी किटी.

दोन पत्रांतला फरक तुमच्या लेकीला दाखवा. ब्राना तिला ओळखत नव्हते. फेलोज तिला भेटले होते, तिचा प्रश्न त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता, आणि तिला हवं होतं तेही साधं होतं: पुढचं पाऊल कुठे टाकू. तुमच्या लेकीची अकराच्या अकरा पत्रं पहिल्या जातीची आहेत. ती वाईट नाहीत, पण त्यांच्या उत्तरावर आयुष्य टांगून ठेवण्यासारखी नाहीत.

आणि या मधल्या काळात कॅरी काय करत होती? पबमध्ये बिअरचे ग्लास भरत होती. ईलिंग स्टुडिओत धावपळीची, हे आण नि ते पोचव अशी कामं करत होती. पत्राच्या उत्तराची वाट बघत खोलीत बसली नव्हती.

बरं, किटी मिळाली, पुढे? आपल्याला वाटतं एकदा सिनेमात तोंड दिसलं की गाडं चालू. तिचं चाललं, पण कसं ते पाहा. २००४ मध्येच तिने लंडनच्या स्लोन स्क्वेअरमधल्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये केव्हिन एल्योट यांच्या नाटकातून रंगमंचावर पाऊल ठेवलं होतं. २००५ च्या शरदात बीबीसीने डिकन्सची ‘ब्लीक हाउस’ दाखवली, त्यात ती एडा क्लेअर होती. ती मालिका मुद्दाम रोजच्या मालिकांच्या घाटात बेतलेली होती. पहिला भाग तासाभराचा, पुढचे १४ अर्ध्या-अर्ध्या तासाचे, प्रत्येकाच्या शेवटी उद्याची हुरहुर. एडा ही गोड, सोशिक मुलगी. कौतुक झालं ते एस्थर झालेल्या अ‍ॅना मॅक्सवेल मार्टिनचं, बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कारही तिलाच मिळाला. कॅरी तिच्या शेजारी बसलेली. त्याच वर्षाच्या अखेरीस अल्मेडा थिएटरमध्ये मोलिएर. २००६ मध्ये अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलच्या एका रहस्यात एक पाहुणी मुलगी, दुसऱ्या एका पोलिसी मालिकेत आणखी एक, आणि अचानक पंतप्रधान झालेल्या बाईवरच्या एका मालिकेत त्या बाईंची लेक. २००७ मध्ये ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वाल्या जेन ऑस्टेनच्याच आणखी एका कादंबरीतली इसाबेला थॉर्प, ती लबाड मैत्रीण. आणि ‘माय बॉय जॅक’मध्ये रडयार्ड किपलिंगची मुलगी एल्सी. (किपलिंग म्हणजे आपल्या मुंबईत, जे. जे.च्या आवारात जन्मलेला. त्याचा मुलगा पहिल्या महायुद्धात गेला, त्याची ती गोष्ट. मुलगा झाला होता डॅनिअल रॅडक्लिफ, म्हणजे पोस्टरवर कोण होतं ते सांगायला नको.)

मुलगी, मैत्रीण, बहीण, पाहुणी. एकही नायिका नाही. आपल्याकडे मालिकांत काम करणाऱ्या मुलींना विचारा, ‘नायिकेची बहीण’ या शब्दांनी काय होतं पोटात. पण या यादीत एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. एकही वर्ष कोरडं नाही, आणि रंगमंच आणि टीव्ही यांत तिने निवड केली नाही. इंग्लंडात ते शक्य होतं, कारण थिएटरं, बीबीसी आणि कास्टिंगची माणसं एकाच शहरात आहेत आणि एकमेकांची कामं बघतात. रॉयल कोर्टला संध्याकाळी नाटक पाहिलेला माणूस सकाळी टीव्ही मालिकेसाठी नावं सुचवत असतो.

२००७ साली मी काही महिने लंडनला भावाकडे होते. जूनमधल्या एका शनिवारी संध्याकाळी भाच्यांनी टीव्हीसमोर ओढून बसवलं, ‘डॉक्टर हू’ लागणार म्हणून. मला त्या मालिकेचं ओ की ठो कळत नव्हतं. त्या दिवशीच्या भागाचं नाव ‘ब्लिंक’. तुम्ही डोळे मिटले की जवळ सरकणारे दगडी देवदूत, आणि त्यांच्यासमोर एकटी उभी एक मुलगी, सॅली स्पॅरो. सगळा भाग त्या मुलीच्या चेहऱ्यावर. धाकटा भाचा उशीमागे. मी भावाला विचारलं, मुख्य माणूस कुठाय? तो म्हणाला, आज जवळजवळ नाहीच.

का नाही, ते मला नंतर कळलं आणि ते लेकीला सांगण्यासारखं आहे. त्या मालिकेच्या एका मोसमात १३ भाग आणि वर नाताळचा खास भाग. ठरलेल्या दिवसांत मुख्य नटाकडून एवढं चित्रीकरण होत नाही. म्हणून दोन भागांचं काम एकाच वेळी दोन तुकड्या करून उरकायचं, आणि त्यातल्या एका भागात डॉक्टर जेमतेम डोकावेल अशी कथा लिहून घ्यायची. वेळापत्रकाची अडचण, दुसरं काही नाही. लेखक स्टीव्हन मोफॅट यांनी त्या अडचणीतून ही कथा काढली आणि पाहुण्या नटीच्या वाट्याला अख्खा भाग आला. भाग लागला तेव्हा कॅरीला बावीस पूर्ण होऊन दोन आठवडे झाले नव्हते. पुढच्या वर्षी त्या भागाला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

याला नशीब म्हणा. मी म्हणते. पण ती जागा रिकामी झाली त्या दिवशी तिच्या मागे तीन वर्षांची छोटी छोटी कामं होती. कुणाला तरी आठवलं असेल, ती एडा झालेली मुलगी बघू या.

‘ब्लिंक’च्याच वर्षी, म्हणजे २००७ च्या सुरुवातीला, रॉयल कोर्टला चेकॉव्हचं ‘द सीगल’ लागलं होतं. मला तिकीट मिळालं नाही, त्याची चुटपुट अजून आहे. तिथलं खालचं प्रेक्षागृह चारशे खुर्च्यांचंसुद्धा नाही. दिग्दर्शक इयन रिक्सन, अर्कादिना, म्हणजे नाटकातली नावाजलेली नटी, झाली होती क्रिस्टिन स्कॉट थॉमस, आणि नीना ही आपली किटी. नीनाचं काम तुम्हाला आठवत असेल. गावाकडची मुलगी, नटी व्हायचं वेड. पहिल्या अंकात तळ्याकाठच्या हौशी रंगमंचावर ती भलतंच अवघड स्वगत म्हणते आणि खुर्च्यांवरची मोठी माणसं हसतात. शेवटच्या अंकात ती परत येते तेव्हा प्रियकराने सोडलेलं, मूल गेलेलं, नाव झालेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी थर्ड क्लासच्या डब्यातून येलेत्स नावाच्या गावाला जायचंय, तिथे थंडीभर काम धरलंय म्हणून. तरी जाणार आहे. एकवीस वर्षांच्या मुलीने हे काम रोज संध्याकाळी करायचं. तिकडे नाटक लागलं की आपल्यासारखं शनिवार-रविवार नाही, आठवड्याला सात-आठ प्रयोग, तेच नाटक, तीच वाक्यं. मध्येच तिचं अपेंडिक्स दुखावलं, शस्त्रक्रिया झाली, आठवडाभर प्रयोग सुटले, आणि ती परत उभी राहिली. २००८ च्या शरदात तेच नाटक न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर गेलं, तेव्हा तीच नीना होती.

त्या दोन्ही ‘सीगल’च्या मध्ये तिने ‘अ‍ॅन एज्युकेशन’ हा सिनेमा केला. बावीस वर्षांची मुलगी सोळा वर्षांच्या जेनीच्या कामात. जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला, पुढच्या वर्षी बाफ्टा मिळाला आणि ऑस्करचं नामांकन. तुमच्या लेकीचं आवडतं वाक्य इथे येतं. आता तुम्हीच मोजा, पहिल्या नाटकापासून इथवर किती कामं झाली.

आता तो फोटो पुन्हा हातात घ्या. मला खरं सांगायचंय ते पुढेच आहे.

किटीच्या थोरल्या बहिणीकडे बघा, जेनकडे. ती रोझमंड पाइक. तिनेही ड्रामा स्कूलना अर्ज केले होते आणि जिथे जिथे केले तिथे तिथे नकार मिळाला होता. मग ती ऑक्सफर्डला गेली, वॅडम कॉलेजात, इंग्रजी साहित्य शिकायला. हो, तुमच्या लेकीच्या हातात आहे तोच विषय. तिथे शिकता शिकता नाटकं केली, पदवी घेतली, आणि २००२ मध्ये बाँडच्या सिनेमात दिसली. त्याआधी, शाळेत असताना ती नॅशनल यूथ थिएटरमध्ये होती, तिथे ज्युलिएट करताना तिला पाहून एजंट मिळाला होता.

म्हणजे एकाच घराच्या जेवणाच्या टेबलावर बसलेल्या दोन बहिणी, दोघींना ड्रामा स्कूलनी बाहेर ठेवलेलं. एक पबमध्ये काम करत करत थेट आत आली, दुसरी युनिव्हर्सिटीतून आली. लेकीने दोघींपैकी एकीभोवतीच गोल का केला, हे तिला विचारा. भांडायला नको, नुसतं विचारा.

दोन नंबरची लिझी, कीरा नाइटली, हिला तर अगदी लहानपणापासून एजंट होता. आईवडील दोघंही नाटकातले. तिचा रस्ता तुमच्या घरातून जात नाही, सोडून द्या.

पण बेनेटबाई, त्यांची आई! ‘माझ्या मज्जातंतूंवर दया करा’ म्हणत घर डोक्यावर घेणारी ती. ब्रेंडा ब्लेथिन. ही बाई ब्रिटिश रेल्वेत सेक्रेटरी होती. रेल्वेच्या हौशी नाटकमंडळात काम करायची, म्हणजे शब्दशः तुमच्या यजमानांचा शनिवार-रविवारचा छंद. लग्न मोडल्यावर, विशी संपत आली असताना, तिने गिल्डफर्डच्या नाट्यशाळेत नाव घातलं, आणि तिथून नॅशनल थिएटरपर्यंत गेली. यजमानांना ही गोष्ट जेवताना सांगा, आणि ‘छंद’ शब्दावर जरा थांबा.

तर माझं मत.

तुमच्या लेकीने सप्टेंबरमध्ये युनिव्हर्सिटीत जावं. नाटक सोडण्यासाठी नव्हे, नाटक करण्यासाठी. जागा मिळालेल्या ठिकाणी विद्यार्थ्यांची नाट्यसंस्था कशी आहे, वर्षाला किती नाटकं होतात, ऑगस्टमध्ये एडिंबरा फ्रिंज या नाट्यमहोत्सवाला त्यांची मुलं जातात का, हे तिने याच आठवड्यात शोधावं. फ्रिंज १९४७ पासून चालू आहे आणि तिथे चर्चच्या तळघरात पंधरा माणसांसमोर प्रयोग करायची लाज कुणाला वाटत नाही. भारतीय वंशाच्या ब्रिटिश नटी-लेखिका मीरा सयाल यांचा रस्ता बघा. मँचेस्टर युनिव्हर्सिटीत इंग्रजी आणि नाटक, शेवटी शेवटी एका बाईचा प्रयोग उभा केला, तो एडिंबराला गेला, आणि तिथून रॉयल कोर्टने बोलावून घेतलं.

सयाल यांचं नाव मुद्दाम घेतलं. एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण ती दोन ओळींच्या मध्ये बसलेली दिसली मला. २००५ च्या त्या फोटोत गव्हाळ रंगाची बहीण नाही. तेव्हा तसं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. आज दिवस थोडे बदललेत. २०२२ मध्ये ‘ब्रिजर्टन’ मालिकेत त्याच काळातले फुगीर झगे घालून शर्मा नावाच्या बहिणी नाचल्या, नायिका होती तमिळ वंशाची सिमोन अ‍ॅश्ली. पण कॅरीच्या गोष्टीत आणखी एक न दिसणारी शिडी आहे, ती म्हणजे तिची शाळा. फी भरून शिकायची निवासी शाळा, तिथे ऑस्करवाला पटकथाकार भाषणाला येतो आणि मुलगी त्याच्याशी दोन शब्द बोलू शकते. हॅरोच्या सरकारी शाळेत असं घडत नाही. यात कॅरीचा दोष नाही, पण आपण गोष्ट सांगताना ती शिडी पुसून टाकू नये. नाहीतर अकरा पत्रांना उत्तर आलं नाही की पोरीला वाटतं, आपल्यातच कमी आहे.

शिडी नसलेल्यांचे रस्तेही आहेत. लिव्हरपूलच्या जोडी कोमर या नटीने नाट्यशाळा पाहिलीच नाही. शाळेतल्या शिक्षिकेमुळे रेडिओ नाटकाची ऑडिशन मिळाली, मग मालिकांत एकेका भागाची कामं, मधल्या वेळात सुपरमार्केटच्या गल्ल्यावर नोकरी. एका मालिकेत तिच्याबरोबर काम केलेल्या स्टीव्हन ग्रॅहम यांनी आपल्या एजंटला तिचं नाव सांगितलं. इथेही ओळखीनेच झालं म्हणा हवं तर, पण ती ओळख सेटवर झालेली होती. २०२२ मध्ये ती लंडनच्या वेस्ट एंडला दीड-दोन तास एकटी रंगमंचावर उभी राहिली आणि पुढच्या वर्षी लंडनचा ऑलिव्हिए आणि न्यूयॉर्कचा टोनी, दोन्ही नाट्यपुरस्कार घेऊन गेली.

लंडनमध्येच तुमच्यासाठी काही दारं आहेत. अर्ल्सफील्डला तारा थिएटर आहे, दक्षिण आशियाई कलाकारांनी उभं केलेलं, त्यांची संस्था १९७७ पासूनची. दक्षिण आशियाई लेखिकांची नाटकं करणारी काली थिएटर कंपनी आहे. आणि सगळ्यात आधी नॅशनल यूथ थिएटर. १४ ते २५ वयाच्या कुणालाही ऑडिशन देता येते. नामवंत नटी हेलन मिरन तिथलीच. विशीत तिने त्यांची क्लिओपात्रा केली होती, १९६५ साली, आणि घरच्यांनी तिला शिक्षिका व्हायला पाठवलं होतं. लेकीची अकरा पत्रं जिथे पोचली नाहीत, तिथे यांतला एक अर्ज पोचेल.

ड्रामा स्कूलचं दारही बंद झालेलं नाही. लंडनच्या राडा या नामवंत नाट्यशाळेत अभिनयाच्या पदवीला वर्षाला २८ च्या आसपास जागा, आणि अर्ज हजारोंनी येतात. एवढ्या गर्दीत अठराव्या वर्षी मागे राहणं हा काही निकाल नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आत गेलेली मुलं तिथे पुष्कळ आहेत. युनिव्हर्सिटीत असतानाही तिला पुन्हा अर्ज करता येईल. जागा मिळालीच तर युनिव्हर्सिटी सोडायची की नाही, ते तेव्हा बघा. यातले बहुतेक अभ्यासक्रम आता पदवीचे आहेत, त्यामुळे विद्यार्थी-कर्ज लागू होतं, हे यजमानांच्या कानावर घाला, कारण माझा अंदाज आहे की त्यांना खरी धास्ती पैशांची आहे आणि छंदाचं नाव पुढे केलंय.

एकच खबरदारी. मुलगी सतरा ठिकाणी नाव नोंदवू लागली की कुणीतरी एजंट म्हणवणारा भेटतो आणि फोटोचे, नोंदणीचे, ‘पोर्टफोलिओ’चे पैसे आधी मागतो. खरा एजंट मिळवून दिलेल्या कामाच्या मानधनातून आपली टक्केवारी घेतो. आधी पैसे मागणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जायचं नाही.

पत्रं लिहू नको असं तिला सांगू नका. नुसतं पत्त्याकडे बघायला सांगा. जे नाटक तिने पैसे साठवून, स्वस्तातलं तिकीट काढून, दोनदा पाहिलं, त्याच्या सहायक दिग्दर्शकाला लिहावं. अमुक प्रसंगात तुम्ही दिवा आधी का मालवला, असं काहीतरी विचारावं. “मला संधी द्या” हे वाक्य पहिल्या पत्रात नको. आपल्या कामाबद्दल कुणी नेमका प्रश्न विचारला की माणसाला उत्तर द्यावंसं वाटतं. मी स्वतः अशा दोन पत्रांना उत्तरं दिलीत, आणि “मला संधी द्या”ची तीसेक पत्रं अजून टेबलाच्या खणात पडून आहेत, हे कबूल करते.

राहता राहिलं तुमचं. ऑडिशनला साधारण दोन स्वगतं लागतात, एक शेक्सपिअरचं किंवा त्याच्या काळातलं, एक आजचं, दोन-दोन मिनिटांची. आता बऱ्याच ठिकाणी पहिली फेरी घरी चित्रित करून पाठवायची असते. ते चित्रित करताना कॅमेऱ्यामागे कुणीतरी उभं राहावं लागतं, आणि बाविसाव्या वेळीही कंटाळा न करता ऐकावं लागतं. पुरुषोत्तमच्या तालमी जिच्या अंगात अजून आहेत अशी एक बाई त्या घरात आहे. प्राथमिक फेरीत गळलेल्या त्या एकांकिकेतलं तुमचं स्वगत अजून पाठ असेल, तर या रविवारी स्वयंपाक यजमानांवर सोपवा आणि ते आधी तिला करून दाखवा.